सहा रोल आणि एक काळी पट्टी

पट्टी काळी आली.

अगदी कोळशासारखी नव्हे. खालून उजेड येणाऱ्या लाइट टेबलवर ठेवली की भिंतीवरच्या चित्रातल्या बायका दिसत होत्या, डोक्यावरच्या घागरी दिसत होत्या, विहिरीचा काठही कळत होता. पण सगळं असं, की खोलीचं दार कोणीतरी ओढून घेतलंय. फोटो मात्र सकाळी, दारातून आलेल्या चांगल्या उन्हात काढलेले.

रायजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. झाशीच्या सिव्हिल लाइन्समधल्या या लॅबचे ते मालक. मी त्यांना भाईसाहब म्हणतो.

"कित्तो कम है?"

"एक स्टॉप तो है ही." एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा.

"तो पुश कर दो. इसमें सोचना का है?"

पुश करणं म्हणजे फिल्म डेव्हलपरमध्ये, म्हणजे ती धुण्याच्या केमिकलमध्ये, जास्त वेळ ठेवायची. त्याने कमी पडलेला उजेड बराचसा भरून निघतो.

बाहेर काउंटरजवळच्या बाकावर मृणालताई बसल्या होत्या. सहाही रोल त्यांचे. त्यांना आत बोलावलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पट्टीवरून दोनदा फिरवलं आणि म्हणाल्या, "माझंच उजेडाचं मीटर चुकलं असणार. काळोखी कोठडी, त्यात उन्हाचा एकच पट्टा. फसले मी. भैया, तू कर पुश."

मालक पुश म्हणत होते, गिऱ्हाईक पुश म्हणत होतं. मी मान डोलावली, पण पट्टी उचलून परत लाइट टेबलवर ठेवली. का ठेवली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. काहीतरी खुपत होतं.

स्लाईड फिल्म म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आता फोटोच्या धंद्यातल्या लोकांनाही ते सांगावं लागतं. साध्या फिल्मची निगेटिव्ह होते. तिच्यात सगळं उलटं असतं, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. तिच्यावरून प्रिंट काढताना रंग कसा दिसावा हे लॅबवाला ठरवतो. फोटो कमी-जास्त उजेडात निघाला असेल तर तिथे सावरून घेतो. लग्नांचे निम्मे अल्बम असेच सावरलेले आहेत. स्लाईडमध्ये हा मधला माणूसच नाही. जी फिल्म कॅमेऱ्यात होती तीच धुऊन हातात येते, सरळ रंगांत. उजेडासमोर धरायची आणि बघायची. अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा ती पोटात घालत नाही.

मग अजून कोण वापरतं? आमच्याकडे असे चार-पाच जण उरलेत. ग्वाल्हेरचे एक डॉक्टर पक्ष्यांचे फोटो काढतात. ते म्हणतात, छत्तीसच फोटो आहेत म्हटल्यावर पक्षी नीट बसेपर्यंत मी थांबतो, डिजिटल हातात असला की थांबत नाही. ललितपूरचे एक रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ आहेत. ते भिंतीवर चादर लावून प्रोजेक्टरने नातवंडांना स्लाईड दाखवतात. "मोबाइल पे सब अकेले देखते हैं, चादर पे सब इकट्ठे," असं त्यांचं म्हणणं.

ताईंचं कारण वेगळं होतं. ताईंचं घराणं चार पिढ्या झाशीतलं. शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झाल्या. मराठी बोलतात, पण चिडल्या की हिंदीत जातात. रिटायर झाल्यापासून त्या बुंदेलखंडातल्या घराघरांतली भिंतीवरची चित्रं टिपत फिरतात. एरचच्या पुढे, बेतवेच्या काठाजवळ, एका घरात चित्रांची एक कोठडी त्यांना सापडली होती. घर चांगलं नांदतं होतं, आणि त्यामुळेच पंचाईत झाली. मुलाचं लग्न ठरलं. नव्या जोडप्यासाठी त्या खोलीत एसी बसवायचा होता आणि भिंतींना पुट्टी मारून पांढरा रंग द्यायचा होता. ताईंनी आठ दिवस मागितले. दोन मिळाले. तिसऱ्या दिवशी पुट्टी चढली.

म्हणजे आता ती चित्रं या सहा रोलांत होती. दुसरीकडे कुठेच नव्हती.

कोठडी सापडली तेव्हा ताईंनी मोबाइलवर फोटो काढले होते, पण त्यांचा उपयोग झाला नाही. विहिरीचा काळोखा कोपरा तर त्यांत आलाच नव्हता. एक संग्रहालय त्या भिंतींची कॅनव्हासवर नक्कल करून घेणार होतं. ताईंनी चित्रकाराला मोबाइलचे फोटो पाठवले. त्याच्या मोबाइलवर गेरू विटेसारखा दिसायचा, ताईंच्या मोबाइलवर टोमॅटोसारखा. तो विचारायचा, खरा कुठला? त्यानेच स्लाईड मागितली. उजेडाच्या पेटीवर स्लाईड ठेवायची, शेजारी रंगाचा हात मारायचा आणि जुळतोय का बघायचं, अशी त्याची पद्धत. त्याच्या दृष्टीने स्लाईड म्हणजे साक्षीदार.

असे रोल आले की आम्ही ते एकदम धूत नाही. आधी अंधारात एका रोलच्या सुरुवातीची वीतभर पट्टी कापतो आणि तेवढीच धुतो. ती बघून बाकीच्यांना किती वेळ द्यायचा ते ठरवतो. कापताना आत काय आहे ते दिसत नाही. कात्री एखाद्या फोटोच्या मधूनही जाते. ही आमची जुनी पद्धत. पहिल्या रोलची पट्टी कापायची, गिऱ्हाइकाला विचारायचं नाही.

ती पट्टी मी कापली होती, मीच धुतली होती. आता मी तिच्याकडे बघत होतो, आणि खुपत होतं ते सापडलं.

फिल्मच्या कडेला बारीक आकडे असतात. एक, एक-ए, दोन, दोन-ए. शेजारी फिल्मचं नाव. हे आकडे कॅमेरा काढत नाही. फिल्म बनते तेव्हा कारखान्यातच त्यांच्यावर उजेड टाकलेला असतो, दर वेळी तेवढाच. फोटोवाल्याचं मीटर बरोबर असो की चूक, त्या आकड्यांना फरक पडत नाही.

मी कपाटातून डॉक्टरांच्या जुन्या रोलचा तुकडा काढला. तीच फिल्म, तीच कंपनी. दोन्ही शेजारी ठेवले. डॉक्टरांचे आकडे पिवळे, लख्ख. ताईंचे आकडे मळके, काढा उकळल्यासारखे.

ताईंच्या मीटरने फोटो काळे केले असते, आकडे काळे केले नसते. आकडे काळे होतात ते फिल्म कमी शिजली तर. स्लाईड निगेटिव्हच्या उलटी वागते. पहिल्या डेव्हलपरमध्ये कमी शिजली की काळी पडते, जास्त शिजली की फिकी. आणि शिजवणारा मी.

मी दोन्ही तुकड्यांच्या जागा बदलून पुन्हा बघितलं, फरक तोच. जूनचा महिना होता, बाहेर लू वाहत होती.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी सांगलीकडचा, खानापूर तालुक्यातला. नववीत शाळा सोडली आणि मामाबरोबर झाशीला आलो, गलाईच्या कामाला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. आमच्या तालुक्याची माणसं त्यासाठी देशभर पांगलेली आहेत. ॲसिडच्या धुरात मला खोकला धरला. मामा सराफ्यात कोणाकोणाकडे शब्द टाकत फिरला, तेव्हा रायजींनी मला लॅबमध्ये घेतलं. मामा म्हणाला, पोरगा भित्रा आहे. रायजी म्हणाले, "ऐसिड से डरता है ना? तो काम का है." केमिकलच्या डब्यांवरचं इंग्रजी त्यांनी मला बोट ठेवून वाचायला शिकवलं. याला आता चोवीस वर्षं झाली. गावाकडे परत जाऊन करावं असं दुसरं काही मला येत नाही.

त्यामुळे चूक माझी असेल तर कुठे झाली, ते मला तिथेच शोधायचं होतं.

स्लाईडचा पहिला डेव्हलपर अडतीस अंशांवर लागतो. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी स्लाईड चुगली करते. जगात बहुतेक ठिकाणी लोक पाणी तापवून अडतीसला आणतात. झाशीत जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी चव्वेचाळीस-पंचेचाळीसला येतं. आम्ही बर्फ घालून ते अडतीसला उतरवतो. केमिकलच्या बाटल्या उन्हाळ्यात खराब होतात, म्हणून फ्रिजमध्ये असतात. काम करायचं तेव्हा बाटल्या बाहेर काढायच्या, टबातल्या पाण्यात उभ्या करायच्या आणि पाण्याइतक्या गरम होऊ द्यायच्या.

थर्मामीटर बाटलीत घालून बघायचा असतो. पण आमच्या डिजिटल थर्मामीटरची बॅटरी संपली होती. काचेचा एकच होता. एकच थर्मामीटर तिन्ही बाटल्यांत फिरवला आणि एका केमिकलचा थेंब दुसऱ्यात गेला तर सगळंच नासतं. आणि रोल तर असे, की पुन्हा काढता येणार नाहीत. मी फार घाबरलो होतो. म्हणून मी थर्मामीटर बाटल्यांत घातलाच नाही, टबात ठेवला. टबात अडतीस दिसले. वीस मिनिटं थांबलो आणि सुरू केलं.

काळजी फार घेतली, पण भलत्या गोष्टीची.

केमिकल वाया न घालवता हे तपासायला एकच उपाय होता. आमची फ्रिजमधली पाण्याची बाटली घेतली, तशीच एक लिटरची, जाड प्लास्टिकची. टब पुन्हा अडतीसला आणला, बाटली त्यात उभी केली आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी टबात थर्मामीटर घातला, अडतीस. पुसून बाटलीत घातला, साडेचौतीस.

मी रायजींकडे गेलो. ते एका कुटुंबाचे पासपोर्ट फोटो कापत होते.

"भाईसाहब, पुश मत करवाइए."

"काए?"

"गलती लॅब की है. मेरी."

त्यांनी कटर खाली ठेवला. मी आकडे दाखवले, बाटलीचं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही पट्ट्या बघितल्या. मग दाराकडे एक नजर टाकली.

"मैडम तो ख़ुद कह रईं कि मीटर उनका था. तुम काए बीच में कूद रए?"

"पुश किया और गलती मेरी निकली, तो छहों फीके पड़ जाएँगे."

"तो चुपचाप नॉर्मल कर दो."

"और सचमुच मीटर भी गलत निकला, तो छहों काले. एक पट्टी और काटनी पड़ेगी. बिना पूछे कैसे काटें?"

रायजींनी दोन्ही पट्ट्या परत माझ्या हातात दिल्या. मागे हटायला जागा नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं. पट्टी कापायची तर ताईंना विचारायला हवं, आणि विचारायचं तर का ते सांगायला हवं.

"नौकरी की चिंता कर रए हो?"

"हाँ."

"बाद में कर लेना. अभी चलो, हम साथ चल रए."

ताईंना मी मराठीत सांगितलं. मराठीत सांगताना पळवाट कमी सापडते, निदान मला. टब, बाटली, साडेचौतीस अंश, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. रायजी माझ्या बाजूला हात मागे बांधून उभे होते, जणू त्यांनाच शाळेत उभं केलंय.

"म्हणजे विहीर तू घालवलीस?"

"हो ताई."

"और मैं यहाँ बैठके ख़ुद को कोस रही हूँ! मघाशी घरी यांना फोन करून सांगितलं पण, की माझं मीटर चुकलं. एवढं ऐकून घेतलं मी त्यांचं!"

रायजी हळूच म्हणाले, "मैडम, दोबारा फ़ोन कर दीजिए."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली. प्रत्येक रोलमध्ये कितव्या नंबरला काय काढलं, ते त्यांनी वहीत लिहिलेलं होतं. पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "हे बघ. पहिला रोल, एक ते चार, विहिरीवरच्या सात बायका. त्या कोपऱ्यात ऊन दहा मिनिटंच यायचं. एकेकच फोटो काढता आला. बाकी भिंती मी दोन-दोनदा काढल्यात. तुला नेमका हाच तुकडा मिळाला कापायला?"

"विचारलं नव्हतं, ताई."

"विचारायचं होतंस ना."

त्यांनी पानं उलटली, बोट खाली नेत गेल्या आणि म्हणाल्या, "सहावा रोल काप. सुरुवातीला छताच्या कडेची वेलबुट्टी आहे, चारी बाजूंना सारखीच. त्यातलं एक फूल गेलं तरी चालेल."

या वेळी मी आधी बाटलीत थर्मामीटर घातला. पहिल्या डेव्हलपरच्या बाटलीत, आणि तो दुसऱ्या कशालाही लावला नाही. दुसऱ्या बाटल्यांसाठी रायजी समोरच्या मेडिकलमधून तापाचे दोन थर्मामीटर घेऊन आले. अडतीस अंश म्हणजे माणसाचा बारीक ताप, ते तिथे बरोबर चालतात. मेडिकलवाल्याने विचारलं, कोण आजारी आहे? रायजींनी सांगितलं, "दो बोतलें." बाटली अडतीसला यायला पंचेचाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ताई तिथेच स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मी आयुष्यात इतका वेळ थर्मामीटरकडे बघितलेलं नाही.

पट्टी धुऊन बाहेर काढली. ताईंचा चेहरा पडला. "हे असं दुधाळ काय दिसतंय?"

"ओली फिल्म अशीच दिसते ताई. वाळू द्या."

लॅबमध्ये आम्ही फिल्म बाथरूममध्ये टांगतो. आधी फरशीवर बादलीभर पाणी ओततो, म्हणजे लूबरोबर आलेली धूळ खाली बसते आणि फिल्मला चिकटत नाही. जूनमध्ये वीस मिनिटांत वाळते. वाळली तशी मी ती लाइट टेबलवर ठेवली आणि फोटो न बघता आधी आकडे बघितले. पिवळे, लख्ख. मग ताईंना जागा दिली.

गेरूच्या वेली, मध्ये हिरवी पानं, पानांच्या कडेला पांढरा ठिपका. एका ठिकाणी रंग उडून खालचा चुना दिसत होता, तोही चुन्यासारखाच दिसत होता. ताईंनी भिंग बराच वेळ काढलं नाही.

"मीटर बरोबर होतं माझं," एवढंच म्हणाल्या.

उरलेली फिल्म दोन-दोन रोल करून तीन फेऱ्यांत धुतली, पुश न करता. प्रत्येक फेरीला बाटलीतलं तापमान वेगळं मोजलं, लॅबच्या वहीत लिहिलं, रायजींची सही घेतली. सहीची गरज नव्हती. मला हवी होती. सहाही रोल सरळ आले. गेली ती फक्त पहिली पट्टी, म्हणजे विहिरीचे पहिले तीन फोटो आणि चौथ्याचा अर्धा भाग.

चौथ्याचं असं झालं की कात्री त्याच्या मधून गेली होती. डावा भाग पट्टीत राहिला आणि काळा झाला. उजवा भाग रोलबरोबर राहिला आणि नीट धुतला गेला. स्लाईड प्लास्टिकच्या चौकटीत बसवतात, तिला माउंट म्हणतात. मी बाकीचे सगळे माउंट केले आणि हे दोन अर्धे पाकिटात वेगळे ठेवले. ते टाकून द्यावेत असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर दिसू नयेत असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या आणि आधी तेच पाकीट मागितलं.

"दोन्ही एका माउंटमध्ये बसव. कड जुळवून."

"ताई, चांगलं दिसणार नाही."

"चांगलं दिसायला नकोय."

बसवलं. उजेडासमोर धरलं तर एकाच विहिरीवर शेजारी शेजारी दोन बायका. एक काळोखात, एक उन्हात. मध्ये कात्रीची रेघ. काळोखातल्या बाईच्या लुगड्याचा रंग काय ते सांगता येत नव्हतं. उन्हातलीचं लुगडं शेंदरी होतं.

ताई म्हणाल्या, काळ्या तीन फोटोंवरून चित्रकाराला रेघा मिळतील, बायका कशा उभ्या आहेत ते कळेल. रंग या अर्ध्यावरून घेईल. पुरेल की नाही ते तो बघेल. सातही बायकांची लुगडी एकाच रंगाची होती का, हे ताईंना आठवत नव्हतं, आणि आता विचारायला भिंत नव्हती. तेवढं मात्र कायमचं गेलं.

मग त्यांनी बारीक पेन काढलं आणि माउंटवर लिहायला घेतलं. मी बघत होतो. माझं नाव लिहितील असं मला वाटलं. लिहिलं असतं तर चूक नव्हतं. त्यांनी लिहिलं, "विहीर. डावी बाजू लॅबमध्ये काळी पडली. भिंत उजव्या बाजूसारखी होती." बाकीच्या तीन काळ्या स्लाईडवरही लिहिलं, "भिंत इतकी काळी नव्हती."

"हे कशाला ताई? बघितल्यावर कळतंच की."

"तुला कळतं. पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला कसं कळेल? तो म्हणेल, स्लाईड आहे म्हणजे खरंच असणार."

रायजींनी नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. ताई अजून रोल आणतात. माझ्यावर विश्वास आहे म्हणून की झाशीत स्लाईड धुणारी दुसरी लॅब नाही म्हणून, हे मी विचारत नाही.

आता आमच्याकडे चार थर्मामीटर आहेत, प्रत्येक बाटलीचा एक आणि टबाचा एक. टबातला मी शेवटी बघतो. आणि पहिली पट्टी कापायच्या आधी गिऱ्हाइकाला बाहेर जाऊन विचारतो, कुठून कापू? बहुतेकजण म्हणतात, कुठूनही काप. मी त्यांना वही काढायला लावतो.